पृथ्वीच्या पोटाविषयीचे पर्यायी सिद्धांत: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पृथ्वीच्या अंतरंगाबद्दल आलेल्या पत्रांत या वेळी एक सूर वारंवार दिसला: पाठ्यपुस्तकात आहे तेवढंच खरं कशावरून? पोकळ पृथ्वी, फुगत जाणारी पृथ्वी, गाभ्यातली अणुभट्टी असे सिद्धांत वाचनात येतात, त्यांचं काय? प्रश्न रास्त आहे. त्यामुळे उत्तरांत शक्य तिथे आकडेमोड दिली आहे. साध्या कॅल्क्युलेटरवर ती करून पाहता येईल.

प्रश्न: माणसाने पाडलेलं सर्वांत खोल भोक जेमतेम १२ किलोमीटरचं. मग २,९०० किलोमीटरखाली वितळलेलं लोखंड आहे, हा तरी अंदाजच नाही का? (शिक्षक, सातारा)

रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं ते भोक १९८९ मध्ये १२,२६२ मीटरपर्यंत पोहोचलं. तळाशी अपेक्षित १०० अंशांऐवजी सुमारे १८० अंश सेल्सिअस तापमान लागलं, खडक मऊ पडून भोक मिटू लागलं आणि काम थांबलं. पृथ्वीच्या ६,३७१ किलोमीटर त्रिज्येपैकी हे ०.२ टक्केसुद्धा नाही. पण गाभ्याबद्दलचं ज्ञान भोकांतून आलेलंच नाही. ते भूकंपलहरींच्या वेळापत्रकातून आलं आहे, आणि ते कोणालाही तपासता येतं.

असं करा. भूकंपाचं केंद्र आणि नोंदणी केंद्र यांच्यातलं अंतर अंशांत घ्या (भूपृष्ठावर १ अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर). दोन बिंदूंना पृथ्वीच्या आतून जोडणाऱ्या सरळ रेषेची लांबी काढा: २ गुणिले ६,३७१ गुणिले अर्ध्या कोनाचा साइन. मग तिला प्राथमिक लहरीला (सर्वांत आधी पोहोचणाऱ्या भूकंपलहरीला) लागलेल्या वेळाने भागा. ३० अंशांवर रेषा ३,२९८ किलोमीटरची, वेळ सुमारे ३७० सेकंद, सरासरी वेग ८.९ किलोमीटर प्रति सेकंद. ६० अंशांवर ६,३७१ किलोमीटर, ६०८ सेकंद, वेग १०.५. ९० अंशांवर ९,०१० किलोमीटर, सुमारे ७८० सेकंद, वेग ११.५. म्हणजे जितकं खोल जावं तितकी लहर वेगवान. आता थेट पलीकडच्या टोकाचं, १८० अंशांचं गणित करा: १२,७४२ किलोमीटर, १,२१२ सेकंद, आणि वेग पुन्हा १०.५ वर उतरतो. मध्यभागी लहरीला हळू करणारं काहीतरी मोठं आहे, हे एवढ्यावरूनच कळतं. प्राथमिक लहरींच्या मागून येणाऱ्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, आणि १०४ अंशांच्या पुढे त्या थेट पोहोचतच नाहीत. रिचर्ड ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये गाभ्याचं अस्तित्व दाखवलं, बेनो गुटेनबर्ग यांनी १९१४ मध्ये त्याची खोली सुमारे २,९०० किलोमीटर ठरवली, तो द्रवरूप असल्याचं हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये मांडलं आणि १९३६ मध्ये इंगे लेहमान यांनी त्याच्याही आत आणखी एक गाभा असल्याचं दाखवलं. आज आपण त्याला घन अंतर्गाभा म्हणतो.

आकडेमोडीत दोन चुका हमखास होतात. पहिली वेळेची: भूकंपांच्या जागतिक याद्या यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात, भारतीय वेळ त्यापुढे साडेपाच तास. कोयनेचा भूकंप आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, पण यादीत तो १० डिसेंबरला सापडतो. दुसरी चूक भूकंपाच्या खोलीची. ६०० किलोमीटर खोल भूकंपाची लहर पृष्ठभागाजवळच्या भूकंपापेक्षा जवळपास मिनिटभर आधी पोहोचते. म्हणून सुरुवातीला ३० किलोमीटरपेक्षा कमी खोलीचे भूकंप निवडा.

प्रश्न: पृथ्वी आतून पोकळ आहे, ध्रुवांवर तिची दारं आहेत, असा व्हिडिओ पाहिला. एडमंड हॅली यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञानेही हे मांडलं होतं म्हणे. (विद्यार्थिनी, नागपूर)

हॅली यांनी १६९२ मध्ये पोकळ पृथ्वी मांडली, हे खरं. कारणही वैज्ञानिक होतं. होकायंत्राची दिशा वर्षानुवर्षं सरकते, हे त्यांना समजावून घ्यायचं होतं. बाहेर सुमारे ८०० किलोमीटर जाडीचं कवच, आत एकात एक फिरणारे गोल, आणि त्यांच्या वेगांतल्या फरकामुळे सरकणारं चुंबकत्व, अशी ती कल्पना. तिला आधार होता न्यूटन यांच्या त्या वेळच्या एका चुकीच्या आकड्याचा, ज्यानुसार चंद्र पृथ्वीपेक्षा बराच घन ठरत होता. पृथ्वी हलकी, म्हणजे आत पोकळी असणार, हा तर्क तेव्हा सयुक्तिक होता. ध्रुवांवरची दारं ही १८१८ मध्ये अमेरिकेच्या जॉन क्लीव्ज सिम्स यांनी लोकप्रिय केलेली भर.

आता वजन करू. पृथ्वीचं वस्तुमान म्हणजे गुरुत्व त्वरण (९.८१) गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले गुरुत्व स्थिरांक. उत्तर सुमारे ५.९७ गुणिले १० चा २४ वा घात किलोग्रॅम. त्याला आकारमानाने भागलं की सरासरी घनता ५.५१ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर येते. ग्रॅनाइटची २.७, बेसॉल्टची ३ च्या आसपास. पृथ्वी ८०० किलोमीटर जाडीचं कवच आणि आत नुसती पोकळी अशी असेल, तर कवचाचं आकारमान पूर्ण गोलाच्या ३३ टक्के भरतं. तेवढ्यात सगळं वस्तुमान बसवायला कवचाची घनता १६.६ लागेल. पारा १३.६, शिसं ११.३. कोणता खडक १६.६ चा आहे?

कोणी म्हणेल, कवच एखाद्या अज्ञात जड पदार्थाचं असेल. त्यासाठी दुसरी कसोटी आहे, आणि आमच्या मते ती सर्वांत देखणी आहे. फिरणाऱ्या गोलाचं वस्तुमान केंद्राजवळ साठलंय की कडेला, हे मोमेंट ऑफ इनर्शियावरून कळतं. ते वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग याने भागलं की एक शुद्ध आकडा मिळतो: सर्वत्र सारख्या घनतेच्या भरीव गोलासाठी ०.४, पातळ कवचासाठी ०.६७ च्या दिशेने चढणारा, केंद्राशी जड असलेल्या गोलासाठी ०.४ पेक्षा कमी. हॅलींच्या जाडीच्या रिकाम्या कवचासाठी तो ०.५९ येतो. पृथ्वीचा प्रत्यक्ष आकडा दोन मोजमापांतून निघतो. पृथ्वीच्या चपटेपणाचा उपग्रहांच्या कक्षांवर होणारा परिणाम देतो ०.००१०८२६. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो, त्या परांचनावरून मिळतो ०.००३२७४. पहिल्याला दुसऱ्याने भागा: ०.३३०७. आतला भाग नुसता भरीवच नाही, तर बाहेरच्यापेक्षा बराच जड आहे. यात खडकाच्या प्रकाराबद्दल किंवा लहरींबद्दल एकही गृहीतक नाही.

आतल्या बाजूने लोक राहतात, हा भाग तर न्यूटन यांच्याच प्रमेयाने बाद होतो. सारख्या जाडीच्या पोकळ कवचाच्या आत त्या कवचाचं गुरुत्वाकर्षण शून्य असतं. तिथे पाय जमिनीवर टिकणारच नाहीत.

प्रश्न: सगळे खंड एका छोट्या गोलावर तंतोतंत जुळतात आणि समुद्रतळ कुठेच २० कोटी वर्षांपेक्षा फारसा जुना नाही. मग पृथ्वी फुगत गेली असं मानणं भूपट्टांच्या सिद्धांतापेक्षा सोपं नाही का? (अभियंता, पुणे)

पर्यायी सिद्धांतांपैकी सर्वांत जास्त आदराने ज्याच्याशी वाद घालावा असा हा सिद्धांत. टास्मानियाचे सॅम्युएल वॉरेन कॅरी यांनी १९५६ मध्ये होबार्टला खंडांच्या सरकण्यावर परिसंवाद भरवला, तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिक ही कल्पना हसण्यावारी नेत होते. महासागरांच्या मध्यावर नवा तळ तयार होताना दिसत होता, पण जुना तळ कुठे जातो ते कळलं नव्हतं. अशा वेळी पृथ्वीच मोठी होतेय, हा निष्कर्ष तर्काला धरून होता. सिद्धांत अडला तो पुढच्या मोजमापांवर.

उथळ समुद्राखालचे भाग धरून खंडांचं कवच पृष्ठभागाच्या सुमारे ४० टक्के आहे. तेवढ्याच कवचाने पूर्ण गोल झाकायचा तर त्रिज्या आजच्या ०.६३ पट, म्हणजे सुमारे ४,००० किलोमीटर हवी. २० कोटी वर्षांत २,३५० किलोमीटर वाढ, म्हणजे वर्षाला जवळपास १२ मिलिमीटर. परीघ वर्षाला ७४ मिलिमीटरने वाढायला हवा. उपग्रहांकडे सोडलेले लेझर, दूरच्या क्वेसारवर (अतितेजस्वी दीर्घिकांच्या केंद्रांवर) रोखलेल्या रेडिओ दुर्बिणी आणि जीपीएस यांची एकत्रित मोजमापं २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्रिज्येतला बदल वर्षाला ०.१ मिलिमीटर, अनिश्चितता ०.२ मिलिमीटर. म्हणजे शून्यापासून वेगळा काढता न येणारा.

फुगणं आता थांबलं असेल, असं म्हटलं तर भूतकाळ तपासू. वस्तुमान तेवढंच राहिलं असेल, तर २० कोटी वर्षांपूर्वी सरासरी घनता २१.८ येते, म्हणजे प्लॅटिनमच्या पुढे. गुरुत्वाकर्षण आजच्या अडीचपट. आणि फिरणारी वस्तू आक्रसली की तिचा वेग वाढतो, त्यामुळे दिवस साडेनऊ तासांच्या आसपास. यातला शेवटचा आकडा जीवाश्मांत तपासता येतो. काही प्रवाळांच्या अंगावर रोजची एक बारीक रेघ आणि वर्षाचा एक पट्टा उमटतो. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांत जॉन वेल्स यांना १९६३ मध्ये वर्षाला साधारण ४०० रेघा मिळाल्या. वर्षाचे ८,७६६ तास भागिले ४००, दिवस सुमारे २२ तासांचा. भरती-ओहोटीमुळे पृथ्वीचं फिरणं मंदावतंय, त्या हिशोबाशी हे जुळतं. साडेनऊ तासांना जागाच उरत नाही.

वस्तुमानच वाढत गेलं म्हणावं, तर आजच्या वस्तुमानाचा मोठा हिस्सा २० कोटी वर्षांत कुठून आला ते सांगावं लागतं, आणि चंद्राची कक्षा त्याबरोबर कशी बदलली तेही. इथे सिद्धांत सोपा राहत नाही.

जुना समुद्रतळ नाहीसा कुठे होतो, याचं उत्तर आता डोळ्यांसमोर आहे. जपान, टोंगा, दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा इथे भूकंपांची केंद्रं एका तिरक्या पातळीवर रांगेत ७०० किलोमीटरपर्यंत उतरत जातात. लहरींच्या वेगाच्या नकाशांत त्याच जागी थंड पाट्या, ज्यांतून लहरी वेगाने जातात, प्रावरणात (कवच आणि गाभा यांच्यामधल्या खडकाच्या जाड थरात) शिरलेल्या दिसतात. अटलांटिकचे दोन काठ जुळतात ते दोन्ही सिद्धांतांत जुळतात, तो कोणा एकाचा पुरावा नव्हे. खरी परीक्षा प्रशांत महासागराच्या काठांवर आणि भारत व आशिया यांच्यातल्या, आता नाहीशा झालेल्या टेथिस समुद्राच्या जागी आहे.

यात आपल्या काळ्या पाषाणाचीही साक्ष आहे. दख्खनच्या बेसॉल्टमधलं चुंबकत्व तेव्हाच्या क्षेत्राशी ज्या कोनात गोठलं, तो कोन साधारण ४५ ते ५० अंशांचा निघतो. चुंबकीय कोनाचा टँजंट अक्षांशाच्या टँजंटच्या दुप्पट असतो. ४९ अंश घातले की अक्षांश ३० येतो, आणि दिशा पाहता तो दक्षिणेचा. आज तेच खडक १८ ते २१ अंश उत्तरेला आहेत. साडेसहा कोटी वर्षांत ५,००० किलोमीटरहून जास्त प्रवास. भारत आणि आशिया यांच्यात तेव्हा रुंद समुद्र होता. फुगणाऱ्या पृथ्वीच्या नकाशात मात्र तो बसत नाही, कारण तिथे ते दोन्ही आधीपासूनच चिकटलेले धरावे लागतात.

प्रश्न: गाभ्याच्या मध्यभागी युरेनियमची नैसर्गिक अणुभट्टी आहे, हा सिद्धांत कितपत ग्राह्य? (रसायनशास्त्राचे प्राध्यापक, कोल्हापूर)

मार्विन हर्नडन यांनी १९९० च्या दशकात तो मांडला. नैसर्गिक अणुभट्टी अशक्य नाही. गॅबनमधल्या ओक्लो खाणीत सुमारे पावणेदोन ते दोन अब्ज वर्षांपूर्वी ती चालली होती, हे १९७२ मध्ये सिद्ध झालं. अडचण युरेनियमच्या स्वभावाची आहे. ते लोखंडाबरोबर न जाता सिलिकेट खडकांत राहतं आणि वर कवचात साठतं. पृथ्वी ऑक्सिजनची फार तूट असलेल्या उल्कांसारख्या मालातून बनली असेल तर युरेनियम गाभ्यात जाईल, हे हर्नडन यांचं उत्तर.

परीक्षा न्यूट्रिनोंनी घेतली, म्हणजे पृथ्वीतूनही आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांनी. साध्या किरणोत्सारी ऱ्हासातून येणाऱ्या प्रतिन्यूट्रिनोंची ऊर्जा ३.३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पुढे जात नाही. विखंडनातून, म्हणजे अणुभट्टीत अणू फुटताना, येणाऱ्यांची त्याच्या कितीतरी पुढे जाते. इटलीत ग्रान सास्सो डोंगराखालच्या बोरेक्सिनो या शोधकाने (इटलीत अणुवीज केंद्रं चालू नसल्याने पार्श्वभूमी कमी) २०२० मध्ये दिलेली मर्यादा अशी: केंद्रात अशी भट्टी असलीच तर तिची शक्ती २.४ टेरावॅटपेक्षा (एक टेरावॅट म्हणजे एक लाख कोटी वॅट) जास्त नाही, ९५ टक्के खात्रीने. पृथ्वीतून बाहेर पडणारी एकूण उष्णता ४७ टेरावॅटच्या आसपास आहे. म्हणजे छोटी भट्टी शंभर टक्के बाद झालेली नाही, पण पृथ्वीच्या उष्णतेचं स्पष्टीकरण म्हणून ती आता कामाची नाही.

प्रश्न: गाभा आधी तयार झाला आणि त्यावर खडक साचले, की सगळं मिसळलेलं असताना लोखंड खाली बसलं? (वाचक, पणजी)

दोन्ही मतं होती. लोखंड आधी घट्ट झालं, गाभा आधी जमला आणि सिलिकेटचं आवरण मागाहून चढलं, हे एक. त्याच्या विरोधात मिश्र मालाची पृथ्वी तापून वितळली आणि लोखंड बुडालं, हे दुसरं. निर्णय दुसऱ्या मताच्या बाजूने लागला, तो हाफ्नियम-टंगस्टनच्या घड्याळाने. हाफ्नियम-१८२ चं अर्धायुष्य सुमारे ८९ लाख वर्षं, आणि त्याचं टंगस्टन-१८२ होतं. हाफ्नियम खडकात राहतं, टंगस्टन लोखंडाबरोबर जातं. लोखंड लवकर बुडालं तर मागे उरलेल्या हाफ्नियमपासून खडकात टंगस्टन-१८२ जास्त जमेल. पृथ्वीच्या खडकांत उल्कांच्या तुलनेत ते दहा हजारांत सुमारे दोन भागांनी जास्त आहे. २००२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हे मोजलं आणि गाभा बव्हंशी पहिल्या तीन कोटी वर्षांत वेगळा झाल्याचा निष्कर्ष काढला.

हा काळ ठरवण्यात गोम आहे. मोठी धडक झाली आणि आदळणाऱ्या ग्रहाचा गाभा आपल्या गाभ्यात खडकाशी न मिसळता थेट शिरला, तर घड्याळ पुरतं शून्यावर येत नाही आणि वय जास्त दिसतं. म्हणून चंद्र ज्या धडकेतून बनला तिची तारीख या एकाच घड्याळावरून सांगू नये. निकेलचाही पुरावा आहे. पृष्ठभागावरच्या दाबाला लोखंड खडकातलं जवळपास सगळं निकेल ओढून घेतं, पण प्रावरणात दर दशलक्षात सुमारे २,००० भाग शिल्लक आहे. हा आकडा जुळतो तो शिलारसाच्या (वितळलेल्या खडकाच्या) शेकडो किलोमीटर खोल महासागरात, प्रचंड दाबाखाली लोखंड वेगळं झालं असं धरल्यावरच.

प्रश्न: सह्याद्रीचा लाव्हा गाभ्यातून आला का? प्लूमचा, म्हणजे खोलातून वर येणाऱ्या उष्ण स्तंभांचा, सिद्धांत सर्वमान्य आहे की नाही? (गिर्यारोहक, नाशिक)

गाभ्यातून नाही. प्लूम मानणारेसुद्धा तसं म्हणत नाहीत. पाठ्यपुस्तकातलं लालभडक प्रावरण पाहून ते वितळलेलं आहे असं वाटतं, पण दुय्यम लहरी त्यातून आरपार जातात. ते घन आहे आणि वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने सरकतं. वर येताना दाब कमी झाला की साधारण वरच्या शंभर-दीडशे किलोमीटरांत त्याचा काही भाग वितळतो. तोच शिलारस.

आता वाद. आधीच्या प्रश्नांतले सिद्धांत मोजमापांनी निकालात निघाले, हा निघालेला नाही. जेसन मॉर्गन यांनी १९७१ मध्ये मांडलं की प्रावरणाच्या तळापासून उष्ण स्तंभ वर येतात. भूपट्ट त्यांवरून सरकला की ज्वालामुखींची रांग उमटते. दख्खनच्या बाबतीत ही रांग लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी रियुनियनपर्यंत जाते. १९८७ मधल्या सागरी खोदकामातून मिळालेल्या बेसॉल्टची वयं मालदीवपाशी सुमारे ५.७ कोटी, चागोसपाशी ४.९ कोटी वर्षं निघाली. दख्खन ६.६ कोटी, रियुनियन आजही जागृत. क्रम चोख आहे.

विरोधकांचं म्हणणं हलकं नाही. स्तंभाचं रुंद डोकं वर आलं तर उद्रेकाआधी जमीन शेकडो मीटर घुमटासारखी उचलली जायला हवी आणि तिची झीज व्हायला हवी. पण जबलपूर, नागपूर, चंद्रपूर भागांत लाव्हाखाली लॅमेटा थर आहेत, डायनासोरांच्या अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेले. ते सखल भागातल्या नद्या-तळ्यांचे गाळ. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ यांनी २००७ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं: उंचावल्याचा पुरावा मिळत नाही. या मतानुसार नर्मदा, तापी, खंभात आणि पश्चिम किनारा इथे कवच ताणलं गेलं, आणि लाव्हा त्या ताणातून आला.

शेतात-घाटात ही गोष्ट डाइकांच्या दिशेवरून पाहता येते. डाइक म्हणजे लाव्हा ज्या उभ्या भेगांतून वर आला त्या गोठलेल्या भिंती. जमीन एका दिशेने ताणली जात असेल तर भेगा त्या दिशेला काटकोनात, समांतर पडतात. नंदुरबार-धुळ्याकडचे डाइक बहुतांशी पूर्व-पश्चिम, कोकणातले उत्तर-दक्षिण. ताणाच्या बाजूने हा पुरावा. पण नाशिक ते पुणे पट्ट्यातले डाइक कोणतीच एक दिशा पाळत नाहीत, आणि वरच्या जाड थरांशी रासायनिकदृष्ट्या जुळणारे बरेच डाइक याच गटातले आहेत. सर्वांत मोठे उद्रेक चालू असताना इथे एकदिश ताण नव्हता, असं त्यातून दिसतं. दिशा नोंदवताना डाइकाची नुसती उघडी कड मोजू नका. झिजलेली कड फसवते. दोन्ही बाजूंचे संपर्क सापडतील तिथेच होकायंत्र लावा, आणि बेसॉल्टपासून ते हातभर लांब धरा, नाहीतर खडकाचंच चुंबकत्व सुई ओढतं.

आमचं मत असं: उष्णतेचा पुरवठा खालून, स्तंभातून झाला आणि तो कुठून बाहेर पडायचा ते जुन्या भेगांनी ठरवलं. २०१२-१३ मध्ये रियुनियनभोवती समुद्रतळावर ५७ भूकंपमापक ठेवले गेले. त्यांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये उभ्या खांबाऐवजी खालून तिरक्या फांद्या फुटलेल्या झाडासारखी रचना मांडली गेली. म्हणजे मॉर्गन यांचं सरळसोट चित्रही बदलावं लागतंय. घुमट न उचलल्याचं समाधानकारक उत्तर प्लूमवाद्यांनी अजून द्यायचं आहे.

प्रश्न: अंतर्गाभा फिरायचा थांबला, अशी बातमी २०२३ मध्ये होती. (वाचक, इंदूर)

थांबला तो बाकीच्या पृथ्वीच्या तुलनेत. म्हणजे तो आपल्याबरोबर, जवळजवळ दिवसाला एक फेरी याच गतीने फिरतोय. एकाच जागी वर्षांच्या अंतराने झालेल्या, जवळपास एकसारख्या भूकंपांच्या लहरींतले सूक्ष्म फरक पाहून हे ठरवतात. दैनंदिन जीवनावर याचा परिणाम नाही.

प्रश्न: पृथ्वीच्या अंतरंगाबद्दल माझा स्वतःचा सिद्धांत आहे. तो तपासून घ्यायचा तर काय करावं? (निवृत्त अधिकारी, रत्नागिरी)

आधी केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत दर १०० किलोमीटरला घनता किती, हे तुमच्या सिद्धांतानुसार तक्त्यात लिहा. शब्दांत नको, आकड्यांत. थरांची बेरीज करून वस्तुमान ५.९७ आणि इनर्शियाचा आकडा ०.३३०७ येतो का पाहा. दोन्ही एकदम यायला हवेत. एक जुळवायला घनता बदलली की दुसरा हलतो, आणि बहुतेक कल्पना इथेच अडतात. मग प्रत्येक थरातला लहरीचा वेग लिहा. टाऊपी नावाची मोफत संगणकप्रणाली त्यावरून लहरी कधी पोहोचतील ते काढून देते. वर दिलेल्या ३७०, ६०८, ७८० आणि १,२१२ सेकंदांशी ते ताडून पाहा.

त्यापुढची पायरी पृथ्वीच्या नादाची. माठ टिचकी मारून पारखतात, तशी मोठ्या भूकंपानंतर अख्खी पृथ्वी घुमते. १९६० मधल्या चिलीच्या भूकंपानंतर हे प्रथम स्पष्ट मोजलं गेलं. सर्वांत संथ कंपनाला सुमारे ५४ मिनिटं लागतात. ही कंपनं एखाद्या मार्गावरून जात नाहीत, सगळा गोल त्यांत सामील असतो. त्यामुळे स्थानिक अपवादांची सबब इथे चालत नाही. शेवटी ४७ टेरावॅट उष्णता कुठून येते आणि द्रव, वाहतं, वीज वाहून नेणारं काहीतरी कुठे आहे ते लिहा. त्याशिवाय अब्जावधी वर्षं टिकलेलं आणि मधूनमधून उलटं होणारं चुंबकीय क्षेत्र मिळत नाही.

तक्ता आमच्याकडे पाठवा. सोबत कोणते आकडे तुम्ही स्वतः निवडले आणि कोणते गणितातून आले, त्यांवर वेगवेगळी खूण करा. आकडे जुळवून घेतले असतील तर तपासणाऱ्याला ते आधी कळायला हवं.